कार्बन मोनॉक्साइड पकडण्यासाठी सच्छिद्र पदार्थ निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न – नवी_संशोधक

नमस्कार. मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून सच्छिद्र पदार्थांच्या साहाय्याने वायुमिश्रणातून कार्बन मोनॉक्साइड वेगळा काढणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. झोतभट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूसारखे मिश्रण माझ्यासमोर आहे. त्यात साधारण निम्मा नायट्रोजन, वीस-पंचवीस टक्के कार्बन मोनॉक्साइड, जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन असतो.

सुरुवात मी सक्रियित कोळशापासून केली. त्याचे पृष्ठफळ ग्रॅमला अकराशे चौरस मीटरच्या घरात असल्यामुळे माझ्या मनात मोठी आशा होती. कार्बन डायऑक्साइड त्याने उत्तम धरला, परंतु कार्बन मोनॉक्साइडचा आलेख (कोणत्या दाबाला किती वायू बसला ते दाखवणारा) नायट्रोजनच्या आलेखाला जवळजवळ चिकटूनच वर गेला, आणि खोलीच्या तापमानाला एक बार दाबावरही ग्रॅममागे अर्ध्या मिलिमोलच्या आसपासच वायू बसला. त्यानंतर मी तांब्याची एक धातू-सेंद्रिय चौकट (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेला सच्छिद्र स्फटिक), म्हणजे एचकेयूएसटी-१, तयार केली. निर्वातात तापवल्यावर तिचा आकाशी रंग जाऊन गडद जांभळट निळा रंग आला, म्हणजे धातूवर बसलेले पाणी निघून गेले आणि तांब्याच्या जागा मोकळ्या झाल्या असे मी धरून चालले. तांबे आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे चांगले जमते असे सर्वत्र वाचले होते, तरीही सुधारणा अगदीच बेताची झाली.

माझ्या शंका दोन आहेत. इतके पृष्ठफळ असूनही हा वायू हाती का लागत नाही, आणि तांबे असूनही तो का लागत नाही? शिवाय माझ्या एका सहकाऱ्याने विचारले आहे की, असा पदार्थ सापडल्यास तो श्वसनाच्या मुखवट्यात किंवा बंद खोलीतील हवा शुद्ध करण्यासाठी वापरता येईल का. त्याला काय उत्तर द्यावे हे मला समजत नाही.

उत्तर – पृष्ठरसायन

तुमचे मोजमाप चुकलेले नाही. कोळशाकडून याहून वेगळे काही निघाले असते तरच मला आश्चर्य वाटले असते.

कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन हे रेणूंच्या जगातले जुळे भाऊ आहेत. दोघांचा रेणुभार २८, दोघांत इलेक्ट्रॉनांची संख्या १४, दोघांत तिहेरी बंध. कार्बन मोनॉक्साइडचा गतिज व्यास ३.७६ अँगस्ट्रॉम आहे आणि नायट्रोजनचा ३.६४. या दोहोंच्या मध्ये बसेल असे छिद्र घडवून एकाला आत घ्यायचे आणि दुसऱ्याला बाहेर ठेवायचे, ही कल्पना कागदावरच राहते. उकळणबिंदू पाहा: कार्बन मोनॉक्साइडचा उणे १९१.५ अंश सेल्सिअस आणि नायट्रोजनचा उणे १९५.८. जेमतेम चार अंशांच्या या फरकामुळेच नायट्रोजन असलेल्या मिश्रणातून अतिशीत ऊर्ध्वपातनाने कार्बन मोनॉक्साइड काढणे फार खर्चाचे होते. कार्बन आणि ऑक्सिजन हे दोन वेगळे अणू असल्यामुळे या रेणूला बरीच ध्रुवीयता असेल असे वाटते, पण त्याचे द्विध्रुव आघूर्ण केवळ ०.११ डिबाय आहे. पाण्याचे १.८५ आहे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच त्रास देणार आहे.

कोळशाच्या भिंतीशी वायूचे जे नाते जुळते ते केवळ दुर्बळ आकर्षणाचे असते आणि ते रेणूच्या ध्रुवणक्षमतेवर ठरते. कार्बन मोनॉक्साइडची ध्रुवणक्षमता नायट्रोजनपेक्षा किंचितच अधिक असल्यामुळे कोळसाही त्याला किंचितच अधिक धरतो. तुमचे दोन्ही आलेख एकमेकांना चिकटून गेले त्याचे कारण हेच. पृष्ठफळ दुप्पट केले तर दोन्ही वायू साधारण दुपटीने बसतील आणि तुमची निवडकता जिथल्या तिथे राहील. सच्छिद्र पदार्थांच्या चर्चेत पृष्ठफळाच्या आकड्याला जो मान मिळतो तो या वायूच्या बाबतीत त्याला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग या जुळ्यांत ओळख पटवायची कशी? त्यासाठी रसायनाकडेच यावे लागते. कार्बन मोनॉक्साइडच्या कार्बनकडील टोकाला एक एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी असते आणि ती तो धातूच्या रिकाम्या कक्षकाला देऊ करतो. त्याच वेळी त्याच्याकडे काही रिकामे प्रतिबंधी कक्षक असतात, आणि ज्या धातूकडे भरलेले डी-कक्षक असतात तो धातू त्यांत आपले इलेक्ट्रॉन परत ओततो. या देण्या-घेण्यातून जो बंध तयार होतो तो दुर्बळ आकर्षणापेक्षा बळकट असतो, पण कायमचा नसतो. दाब कमी केला किंवा थोडी उष्णता दिली की सुटतो. नायट्रोजनला हा व्यवहार फारच कमी जमतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाशी हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. त्याच्या विषारीपणाच्या मुळाशी धातूशी असलेली जी ओढ आहे, तीच आपल्याला त्याला पकडण्यासाठी वापरायची आहे.

आता तुमच्या तांब्याविषयी. एचकेयूएसटी-१ ही चौकट १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील तांबे द्विसंयुज आहे, म्हणजे त्यावर दोन धन प्रभार आहेत. असे तांबे आपले डी-इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवते, परत ओतायला तयार नसते. त्यामुळे तिथे कार्बन मोनॉक्साइड बसतो तो बहुतांशी प्रभाराच्या आकर्षणाने. तुम्ही जे वाचले ते एकसंयुज तांब्याविषयी असणार. त्याचे दहाही डी-इलेक्ट्रॉन जागेवर असतात आणि प्रभार एकच असल्यामुळे ते देण्यास मोकळे असतात. नाव एकच असले तरी कार्बन मोनॉक्साइडच्या दृष्टीने ही दोन निराळी तांबी आहेत.

मोकळ्या धातूजागा असलेल्या चौकटींत धातू बदलला की काय होते, याचे सुंदर उदाहरण एमओएफ-७४ या कुटुंबात मिळते. चौकटीची रचना तीच ठेवून फक्त धातू बदलत गेल्यास कार्बन मोनॉक्साइडच्या अधिशोषणाची उष्णता (वायू पृष्ठभागावर बसताना निघणारी) जस्तासाठी मोलमागे सुमारे २७ किलोज्यूल येते आणि निकेलसाठी सुमारे ५३. ही मोजमापे २०१४ साली प्रसिद्ध झाली. छिद्रे तीच असूनही केवळ धातूमुळे आकडा दुपटीच्या आसपास जातो. तुमच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मी या तुलनेपासून सुरू केले असते.

उत्तर – प्रक्रिया_अभियंता

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. मी कारखान्याच्या बाजूने काही भर घालतो, कारण प्रयोगशाळेत सुंदर दिसणारा आलेख प्रत्यक्ष स्तंभात (वायू धरणारा पदार्थ भरलेल्या नळीत) उतरताना ज्या अडचणी येतात त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

एकसंयुज तांब्याने कार्बन मोनॉक्साइड धरण्याची युक्ती सच्छिद्र पदार्थांपेक्षा जुनी आहे. अमोनियाच्या जुन्या कारखान्यांत हायड्रोजनमधील कार्बन मोनॉक्साइड काढण्यासाठी तांब्याच्या क्षाराचे अमोनियायुक्त द्रावण उच्च दाबाखाली वापरत असत, कारण हा वायू अमोनिया बनवणाऱ्या लोह-उत्प्रेरकाला विषासारखा बाधतो. पुढे १९७० च्या दशकात कोसॉर्ब ही पद्धत आली, ज्यात तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे संयुक्त क्लोराइड टोल्युईनमध्ये विरघळवलेले असे. निवडकता उत्तम होती, पण पाण्याचा अंश आत शिरला की ते क्लोराइड फुटून हायड्रोजन क्लोराइड तयार होई आणि उपकरणे गंजत. तेच तांबे घन पदार्थाच्या छिद्रांत बसवावे आणि द्रावकाची कटकट मिटवावी, या विचारातून पुढचे अधिशोषक, म्हणजे पृष्ठभागावर वायू धरणारे घन पदार्थ, आले.

यातील सर्वांत सोपी आणि माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत योग्य कृती म्हणजे क्युप्रस क्लोराइड (एकसंयुज तांब्याचे क्लोराइड) वाय-प्रकारच्या झिओलाइटवर (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या सच्छिद्र स्फटिकावर) पसरवणे. दोन्ही कोरड्या पुडी एकत्र खलून नायट्रोजनच्या किंवा अन्य निष्क्रिय वायूच्या वातावरणात साधारण ३५० अंशांपर्यंत तापवल्या की, क्युप्रस क्लोराइडचा वितळणबिंदू याहून बराच वर, सव्वाचारशे अंशांच्या पुढे असूनही, ते झिओलाइटच्या आतील पृष्ठभागावर एका रेणूच्या थरासारखे आपोआप पसरत जाते. पसरले की नाही हे क्ष-किरण विवर्तनात दिसते, कारण क्युप्रस क्लोराइडच्या स्फटिकांची शिखरे नाहीशी होतात. शिखरे शिल्लक राहिली तर क्लोराइड जास्त झाले, आणि ते जास्तीचे स्फटिक छिद्रांची तोंडे अडवतात. म्हणून येथे जास्त तांबे घातल्याने जास्त वायू मिळेल असे समजू नये. पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी या पद्धतीचा पुष्कळ अभ्यास केला आहे आणि तिच्यावर आधारित अधिशोषक प्रत्यक्ष उद्योगात वापरले गेले आहेत.

दाब चढ-उताराच्या पद्धतीत, म्हणजे दाब वाढवून वायू बसवण्याच्या आणि कमी करून सोडवण्याच्या पद्धतीत, साधारणपणे शुद्ध करायचा वायू न अडकता वरून बाहेर पडतो आणि मळ स्तंभात राहतो. तुमच्या बाबतीत हे उलटे आहे. हवा असलेला वायूच स्तंभात अडकणार असल्यामुळे तो निर्वात पंपाने ओढून काढावा लागतो, आणि त्याआधी छिद्रांमधल्या मोकळ्या जागेत राहिलेला नायट्रोजन शुद्ध कार्बन मोनॉक्साइडचाच थोडा प्रवाह सोडून हुसकावून द्यावा लागतो. ही धुण्याची पायरी विसरली तर अधिशोषक कितीही निवडक असला तरी उत्पादन शुद्ध मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या गणितांत ही पायरी हमखास राहून जाते.

क्रमही महत्त्वाचा आहे. पाणी, गंधकाची संयुगे आणि कार्बन डायऑक्साइड हे तांब्याच्या स्तंभाआधीच काढलेले बरे. पाण्याचा रेणू लहान आणि अत्यंत ध्रुवीय असल्यामुळे तो झिओलाइटमध्ये हक्काने जागा घेतो, आणि हवेच्या सोबतीने तांब्याला द्विसंयुज करून टाकतो. हायड्रोजन सल्फाइड तर तांब्याला कायमचेच निकामी करतो. आणखी एक इशारा देतो. मिश्रण कोक भट्टीच्या वायूचे असेल तर त्यात ॲसिटिलीनचा अंश असू शकतो, आणि एकसंयुज तांब्याशी त्याचे स्फोटक ॲसिटिलाइड तयार होते. हे सौम्य शब्दांत सांगण्यासारखे नाही: ॲसिटिलीन नसल्याची खात्री झाल्याशिवाय असा वायू तांब्याच्या स्तंभात सोडू नका.

उष्णतेचा हिशेब फार कमी जण मांडतात, म्हणून तो करून दाखवतो. समजा ग्रॅममागे दोन मिलिमोल वायू बसला आणि अधिशोषणाची उष्णता मोलमागे ५० किलोज्यूल आहे. म्हणजे प्रत्येक ग्रॅमला १०० ज्यूल उष्णता मिळाली. घन पदार्थाची विशिष्ट उष्णता ग्रॅमला अंशामागे एक ज्यूलच्या आसपास धरली, तर उष्णता कुठेच न जाता तिथेच राहिल्यास स्तंभ शंभर अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता वाहता वायू घेऊन जातो आणि काही भिंतीतून निघून जाते, पण तीस-चाळीस अंशांची वाढही पुरेशी हानिकारक असते. ५० किलोज्यूलचा बंध असेल तर २५ अंशांवरून ७५ अंशांवर जाताना वायू धरण्याची आसक्ती सुमारे अठरा पटींनी घटते. कोळशासारख्या १५ किलोज्यूलच्या दुर्बळ पकडीत हीच घट अडीच पटींच्याही आत राहते. बंध बळकट करत गेल्याने सगळे प्रश्न सुटतात असा समज असेल तर हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वायू बसण्याइतकेच त्याचे सुटणे महत्त्वाचे असते, आणि कारखान्यात पैसा मोजला जातो तो एका फेरीत बसलेल्या आणि सुटलेल्या वायूच्या फरकावर.

नवी_संशोधक यांचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. द्विसंयुज आणि एकसंयुज तांब्यातला भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. क्युप्रस क्लोराइडची एक बाटली आमच्या प्रयोगशाळेत आहे, पण आज उघडून पाहिली तर झाकणाजवळची पूड हिरवट दिसली आणि तळाची पांढरी. ती वापरावी का? आणि बनवलेल्या पदार्थात तांबे खरोखर एकसंयुज राहिले आहे हे कसे ओळखावे? सहकाऱ्याच्या मुखवट्याच्या प्रश्नाचे उत्तरही अजून बाकी आहे.

उत्तर – पृष्ठरसायन

हिरवट भाग दमट हवेने ऑक्सिडीकरण होऊन बिघडलेला आहे. वरची पूड खरवडून टाकून खालची वापरण्याचा मोह आवरावा, कारण पांढऱ्या दिसणाऱ्या भागातही बिघाड सुरू झालेला असू शकतो. पूड विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून, नंतर अल्कोहोल आणि ईथरने पाणी काढून, निर्वातात वाळवली की पुन्हा शुभ्र होते. त्यानंतरची सगळी हाताळणी निष्क्रिय वायूच्या पेटीत करावी. मी स्वतः एकदा वजन करण्यापुरती, मोजून काही मिनिटे, अशी पूड उघड्या हवेत ठेवली होती. दिवस पावसाळी होता. वजनाच्या कागदावर पुडीची कड फिकट पोपटी झालेली मला दिसली, तरी मी तशीच पुढे गेलो आणि तीन आठवड्यांची मोजमापे वाया घालवली.

एकसंयुज तांबे ओळखण्यासाठी अवरक्त वर्णपट हे सर्वांत विश्वासाचे साधन आहे, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड स्वतःच साक्षीदार म्हणून वापरता येतो. मोकळ्या रेणूच्या बंधाचे कंपन सेंटीमीटरमागे २१४३ तरंग इतके असते. निकेल टेट्राकार्बोनिलसारख्या संयुगात, जिथे धातू भरभरून इलेक्ट्रॉन परत ओततो, तिथे तेच कंपन २०६० च्या आसपास उतरते. झिओलाइटमधील एकसंयुज तांब्यावर ते २१५० च्या थोडे पुढे-मागे दिसते, म्हणजे मोकळ्या रेणूच्या जवळच, कारण देणे आणि घेणे या दोहोंचे परिणाम तिथे एकमेकांना बरेचसे काटतात. ही पट्टी निर्वात लावल्यावरही खोलीच्या तापमानाला सहजी नाहीशी होत नाही, तर द्विसंयुज तांब्यावरची पट्टी खोलीच्या तापमानाला जेमतेम दिसते आणि पंप सुरू करताच जाते. पट्टीच्या जागेइतकेच तिच्या टिकण्याकडे लक्ष द्या.

आता तुम्ही चौकटींचा विषय काढलाच आहे तर दोन कामांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. क्योतो विद्यापीठातील सुसुमु कितागावा यांच्या गटाने २०१४ साली तांब्याची एक मऊ चौकट दाखवली. तिच्यात कार्बन मोनॉक्साइडचे पहिले रेणू तांब्यावर बसले की अख्खी चौकट आकार बदलून अधिक जागा मोकळी करते. नायट्रोजनला हा दरवाजा उघडता येत नाही. जुळ्या भावांत भेद करण्याची इतकी देखणी रीत मी दुसरी पाहिलेली नाही. कितागावा यांना रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी यांच्यासह २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जेफ्री लाँग यांच्या गटाचे, २०१७ सालचे. लोहाच्या चौकटीत एका लोह-अणूवर कार्बन मोनॉक्साइड बसला की त्याच्या इलेक्ट्रॉनांची फिरकीची अवस्था बदलते, अणू किंचित आक्रसतो आणि त्याचा परिणाम शेजारच्या लोहापर्यंत पोहोचून तिथे वायू बसणे सोपे होते. त्यामुळे आलेख हळूहळू न चढता एका ठराविक दाबाला पायरीसारखा उभा चढतो, आणि तापमान थोडेसे वाढवले की ती पायरी पुढच्या दाबाकडे सरकून बहुतेक सगळा वायू एकदम सुटतो. वर उष्णतेच्या हिशेबात जी ओढाताण दिसली तिच्यावर हा फार मोलाचा उपाय आहे. मात्र अशा चौकटी हवा आणि ओलावा यांच्यापासून जपाव्या लागतात आणि त्या किलोच्या प्रमाणात बनवणे सोपे नाही. म्हणून पहिल्या प्रयोगासाठी झिओलाइटचाच मार्ग धरा, असे मीही सुचवेन.

उत्तर – वायुमापन_आणि_सुरक्षा

मुखवट्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्यात कोणाच्या तरी जिवाचा संबंध येऊ शकतो.

तुमच्या मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड वीस टक्क्यांहून अधिक आहे. खोलीच्या हवेत धोका निर्माण होतो तो दहा लाखांत काही शे भागांना. हे दोन प्रश्न एकाच नावाखाली येत असले तरी त्यांचे गणित वेगळे आहे. समजा तीस घनमीटरच्या खोलीत हा वायू १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) आहे, म्हणजे एकूण तीन लिटर, म्हणजे सुमारे १२० मिलिमोल. तुमचा कोळसा एक बारला ग्रॅममागे अर्धा मिलिमोल धरतो. १०० पीपीएमला आंशिक दाब एक बारच्या दहा हजाराव्या भागाइतका असल्याने तो ग्रॅममागे ०.००००५ मिलिमोलच धरेल. भागाकार केला तर चोवीस लाख ग्रॅम, म्हणजे चोवीसशे किलो कोळसा लागेल. सहकाऱ्याला हा हिशेब दाखवा. सर्वसाधारण कोळशाचे मुखवटे या वायूपासून अजिबात संरक्षण देत नाहीत, आणि हा गैरसमज आजही लोकांच्या मनात आहे याची मला मनापासून काळजी वाटते.

एकसंयुज तांब्याचे अधिशोषक कमी दाबालाही चांगले काम करतात, हे खरे आहे. पण श्वासाच्या हवेत ऑक्सिजन आणि ओलावा असणारच, आणि वर सांगितल्याप्रमाणे हे दोन्ही तांब्याचे वैरी आहेत. म्हणून या कामासाठी वायू पकडून ठेवण्याऐवजी त्याचे रूपांतर करण्याचा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या काळापासून रूढ आहे. हॉपकॅलाइट हे मँगनीज आणि तांबे यांच्या ऑक्साइडांचे सच्छिद्र मिश्रण खोलीच्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नावांतून त्याचे नाव बनले. खाणकामगारांच्या स्व-बचाव उपकरणांत तेच वापरतात. ओलाव्याने तेही निकामी होत असल्यामुळे त्याच्या आधी पाणी शोषणारा थर असतो. तो थर संपला की उपकरण संपले. या अभिक्रियेत मोलमागे २८३ किलोज्यूल उष्णता निघते, त्यामुळे हवेत एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असेल तर तत्त्वतः ती हवा शंभर अंशांच्या जवळपास तापू शकते. उपकरणातून येणारा श्वास तोंड भाजेल इतका गरम लागला तरी ते काढायचे नाही, हे खाणकामगारांना आवर्जून शिकवले जाते, कारण गरम हवा याचा अर्थ बाहेर वायू फार आहे आणि उपकरण काम करत आहे.

तुमच्या प्रयोगाविषयी एक सूचना. कार्बन मोनॉक्साइड पोलादी नळकांड्यात दाबाखाली दीर्घकाळ राहिला की लोहाशी संयोग पावून लोह पेंटाकार्बोनिल हे बाष्पनशील आणि विषारी संयुग तयार होते. ते वायूबरोबर तुमच्या स्तंभात शिरते आणि तापवलेल्या पदार्थावर फुटून लोह मागे ठेवते. पांढऱ्या झिओलाइटच्या गोळ्यांच्या अगदी पहिल्या थरावर तांबूस-तपकिरी कड आलेली दिसली, तर ती तांब्याची समजून आनंदू नका. ॲल्युमिनियमच्या नळकांड्यातील वायू घ्या, किंवा नळकांडे आणि स्तंभ यांच्यामध्ये सक्रियित कोळशाची एक छोटी नळी बसवा. तुमच्या ज्या कोळशाने निराशा केली तो कार्बन मोनॉक्साइडला सोडून देतो, पण जड कार्बोनिल बरोबर अडवतो. या एका कामासाठी तो उत्तम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली चोवीस तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ४ मिलिग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे, जी साडेतीन पीपीएमच्या आसपास येते. तुमच्या नळकांड्यातील वायू शुद्ध असेल तर एका सैल जोडणीतून ही मर्यादा काही क्षणांत ओलांडली जाते आणि वास काहीच येत नाही. प्रयोग धूर-कपाटात करा, धोक्याची घंटा वाजवणारा मापक श्वासाच्या उंचीवर ठेवा, आणि निर्वात पंपाची निकास नळी कपाटाच्या आत सोडा. ही शेवटची गोष्ट सर्वाधिक विसरली जाते. पंप टेबलाखाली असतो आणि विशोषणाच्या, म्हणजे बसलेला वायू सोडवण्याच्या, वेळी स्तंभातून सुटलेला सगळा वायू तिथूनच खोलीत येतो.

नवी_संशोधक यांचा प्रतिसाद, पाच आठवड्यांनंतर

सर्वांना कळवावेसे वाटले म्हणून पुन्हा लिहीत आहे. क्युप्रस क्लोराइड धुऊन, वाळवून, नायट्रोजनच्या पेटीत वाय-झिओलाइटशी खलले आणि ३५० अंशांवर चार तास ठेवले. पहिल्या खेपेस प्रमाण जास्त झाले असावे, कारण विवर्तनात क्लोराइडची शिखरे शिल्लक होती. दुसऱ्या खेपेस ते कमी केल्यावर शिखरे गेली आणि झिओलाइटची तेवढी राहिली. कार्बन मोनॉक्साइडचा आलेख आता अगदी कमी दाबालाच सरळ उभा चढतो, तर नायट्रोजनचा तळाशी सपाट पडून राहतो. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून मी मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवले.

पंपाची निकास नळी खरोखरच टेबलाखाली उघडी होती. ती त्याच दिवशी कपाटात नेली.

एक शंका उरली आहे. केवळ निर्वात लावून दुसरी फेरी घेतली तर पहिल्या फेरीपेक्षा वायू थोडा कमी बसतो, पण मध्ये ८० अंशांपर्यंत तापवले तर पुन्हा पहिल्याइतकाच बसतो. यावरून काही जागांची पकड इतरांहून घट्ट असावी असे मला वाटते.

उत्तर – प्रक्रिया_अभियंता

तुमचा निष्कर्ष बरोबर दिसतो. तापवल्यावर क्षमता पूर्ण परत येते याचा अर्थ तांबे शाबूत आहे, बिघडलेले नाही, आणि ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. झिओलाइटच्या पिंजऱ्यात धन आयनांच्या जागा एकसारख्या नसतात. क्लोराइड पसरताना तांब्याचे काही आयन सोडियमची जागा घेऊन थेट झिओलाइटच्या ऑक्सिजनांशी बांधले जातात, आणि अशा तांब्याची पकड क्लोराइडच्या थरातील तांब्याहून घट्ट असते. पहिली फेरी हिशेबात धरू नका. किमान दहा फेऱ्या केवळ निर्वातावर घ्या आणि ज्या आकड्यावर त्या स्थिरावतील तोच आकडा प्रबंधात क्षमता म्हणून लिहा. त्यानंतर मिश्रणात मुद्दाम थोडे पाण्याचे बाष्प सोडून त्याच दहा फेऱ्या पुन्हा घ्या, मात्र त्यासाठी पदार्थाचा वेगळा नमुना वापरा, कारण ओला झालेला नमुना बहुधा परत मिळणार नाही.